फ्लेक्सवरची एक्झिक्युटिव्ह

मोलगीच्या बाजारात मला माझंच तोंड टांगलेलं दिसलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, खालचा एक दगड उचलावा आणि नेमका नाकावर मारावा. नाक माझंच होतं. कुणाची परवानगी लागली नसती.

दोन बांबूंना बांधलेला भला मोठा फ्लेक्स. एका बाजूला कोंबड्यांच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या चपलांचा ढीग आणि मधे मी. फोटो कॉलेजच्या गॅदरिंगमधला. त्यातली साडी कापून गळ्याखाली कुणाचा तरी काळा कोट चिकटवलेला. "मार्केटिंग घ्या, भविष्य घडवा! शंभर टक्के प्लेसमेंट!" आणि माझ्या हनुवटीखाली लिहिलं होतं, "कु. रंजिता लोटन पाटील, नामांकित संस्थेत मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह."

ही नामांकित संस्था कोणती, ते सांगते. ते कॉलेजच. ज्या कॉलेजात मी तीन वर्षं मार्केटिंग शिकले, त्यानंच मला कामाला ठेवलं, आणि काम काय, तर त्याच कॉलेजात आणखी पोरं आणायची, मार्केटिंग शिकायला. ती शिकतील, मग त्यांनी आणखी पोरं आणायची. दोन आठवडे मी हे काम ऑफिसात बसून, फोनवर करत होते. मोलगीच्या बाजारात त्या दिवशी मला पहिल्यांदाच पाठवलं होतं. माझा फोटो माझ्याआधीच येऊन उभा होता.

मी मार्केटिंग घेतलं ते कुणी भरीला घातलं म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवते. तापीकाठी आमची पपई आहे. आबांची पपई गावात सगळ्यात चांगली. पण सुरतेचा व्यापारी बांधावर आला की आबा हाताची घडी घालून उभे राहतात. तो म्हणतो, डाग आहे. आबा गप्प. तो म्हणतो, यंदा माल फार आहे. आबा गप्प. लहानपणापासून मी हे बघत आले आणि चिडत आले. माझी माय, कौसाबाई, चिडून म्हणायची, "जो बोलस त्याना बोरं इकातस, आन आपली पपई पडी ऱ्हास!" मला वाटलं, बोलायचं कसं हे शिकवणारं शास्त्र असेल तर ते आपण शिकायचं. आबा म्हणाले, "मार्केटिंग करीसन काय करशी? साबन इकत दारोदार फिरशी का?" मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

आणि मला ते आवडलं हो! खरंच आवडलं. गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवं, माल कुठं अडतो, मधे कोण खातो, हे सगळं मला माझ्या बांधावर दिसत होतं. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्यांनी मोबाईल आणि शाम्पू घेतले. मी आमचूर घेतला. मोलगीकडच्या बाया कैऱ्या चिरून, वाळवून पोत्यात भरतात आणि डोक्यावर घेऊन बाजाराला निघतात. पण बाजारात पोचायच्या आधीच माल गेलेला असतो. घाटात एक वळण आहे. तिथं व्यापाऱ्यांची माणसं पहाटेच येऊन थांबतात. बाई दिसली की तिला बसवायचं, चहा पाजायचा, गोड बोलायचं आणि बोलता बोलता पोत्याच्या तोंडाला आपला लाल दोरा बांधायचा. एकदा दोरा बांधला की माल त्याचा. पुढं बाजारात दुसरा कुणी जास्त भाव देत असला तरी ती बाई दोरा सोडत नाही. तिचा शब्द गेला, असं ती मानते. त्या लोकांची अब्रू तेवढी पक्की, आणि त्याच अब्रूवर हे दोरा बांधून बसलेले.

मी सगळं लिहिलं. वळण, चहा, दोरा. हे थांबवायचं कसं, तेही लिहिलं. बायांनी आधी एकत्र जमायचं, माल बाजारातच उघडायचा, प्रतवारी आपणच करायची. प्रोजेक्टचे मार्गदर्शक होते करणसिंग सर. कॉलेजात प्लेसमेंटही तेच बघतात आणि अ‍ॅडमिशनही तेच, म्हणजे धान्य दळणारे तेच आणि पीठ मोजणारेही तेच. त्यांनी प्रोजेक्ट दोनदा वाचला. "रंजिता, हे काम फार प्रॅक्टिकल आहे," म्हणाले. मी घरी पेढे नेले होते त्या दिवशी!

मग प्लेसमेंट. खताच्या कंपनीचा माणूस आला, म्हणाला, मुलींना आम्ही खेडोपाडी पाठवत नाही, सुरक्षिततेचा प्रश्न असतो. मुलं घेऊन गेला. विम्याची कंपनी आली, तिला पगारावर कुणीच नको होतं. मी रडायच्या बेतात असताना करणसिंग सर म्हणाले, "तू आपल्याकडेच ये." आणि जिला सुरक्षिततेपायी कुणी खेड्यात पाठवेना, तिला त्यांनी सातपुड्यात पाठवलं.

घरी आनंदीआनंद. सरांनी आबांना एक फ्लेक्स भेट दिला. आबांनी तो गावच्या बस थांब्यासमोर, निंबाच्या झाडाला, स्वतः शिडीवर चढून बांधला. त्यात कोणता फोटो होता, काय लिहिलं होतं, हे मी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. "ही संस्था कोणती, ते लिहा," असं सरांना दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू लहान आहेस, ब्रँडिंग आहे ते."

तर मी मोलगीत त्या फ्लेक्सखाली उभी होते, आणि एक मुलगी माझ्याकडे आणि फ्लेक्सकडे आळीपाळीनं बघत होती. मागं तिची आई. मुलगी सावळी, ठेंगणी, आश्रमशाळेच्या निळ्या ओढणीत. पुढं होऊन शाळेच्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "ताई, तुम्हीच ना या?"

"हो."

"मी रुपा वसावे. ही माझी आई, रेवाबाई. मला बारावी सायन्सला चांगले मार्क पडले. ताई, तुमची कंपनी कोणती आहे?"

तीन वर्षं बोलायला शिकले आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं तोंड बंद केलं.

"कशाला विचारतेस?" मी म्हणाले.

"माझं नाव सरकारी नर्सिंगच्या यादीत लागलंय. उद्या नंदुरबारला ओरिजिनल कागद घेऊन जायचं आहे, उद्याच शेवटची तारीख. आई म्हणते, नर्सच हो. आमच्या पाड्याला दवाखाना लांब आहे. मी म्हणते, मला मार्केटिंग घ्यायचंय. या ताईंना लगेच कंपनी मिळाली ना! आई म्हणाली, मग त्या ताईलाच विचार, ती बाई आहे, खोटं नाही बोलणार."

रेवाबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या पायाशी पोतं होतं, आणि पोत्याच्या तोंडाला लाल दोरा. तिला माझा प्रोजेक्ट ठाऊक नव्हता आणि प्रोजेक्टनं तिचं काही भलंही झालं नव्हतं.

मी सांगितलं. आत जे साठलं होतं ते सगळं भडाभडा सांगितलं. कंपनी नाही, कॉलेजच आहे. कोट माझा नाही. आमच्या वर्गातल्या मुलींपैकी एक दुकानात आहे, एक घरी आहे, एकीचं लग्न झालं. मार्केटिंग वाईट नाही, फार चांगला विषय आहे. पण त्यात पुढं जायचं तर मोठ्या शहरात कुणीतरी ओळखीचं लागतं, इंग्रजी लागतं, नाहीतर स्वतःचा माल लागतो. आणि आमच्या कॉलेजात तो शिकवायला दोन माणसं आहेत, त्यातला एक अकाउंट्सचा. "तुझं नर्सिंगला नाव लागलंय ना? डोळे मिटून जा," मी म्हणाले. "मार्केटिंग तुला नंतरही शिकता येईल. हवं तर मी शिकवीन."

रुपानं आईला तिच्या बोलीत सगळं सांगितलं. मला त्यातलं "कोट" तेवढं कळलं. रेवाबाई हसली. रुपा मात्र हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"पण ताई, ओरिजिनल तर तुमच्याकडे आहेत."

"माझ्याकडे?"

"कॉलेजकडे. मागच्या बाजाराला आम्ही खाली येत होतो. घाटाच्या वळणावर जीप उभी होती, तिथं व्यापारी थांबतात ना, तिथंच. तुमच्या सरांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, एक बॅग दिली. बोलता बोलता दाखला आणि मार्कशीट घेतली. म्हणाले, आता तू आमची झालीस. मग दुसऱ्या कॉलेजचा माणूस आला, तर आईच म्हणाली, नको, एकाला दिलंय ना आपण."

वळण. चहा. गोड बोलणं. दोरा! लाल दोऱ्याच्या जागी दाखला, एवढाच फरक. मी पानंच्या पानं लिहून दाखवलं होतं की या बायांना असं लुटतात, आणि त्या माणसानं ते लुटायचं कसं म्हणून वाचलं. फार प्रॅक्टिकल काम आहे, म्हणाला होता. मी पेढे वाटले होते त्यावर. त्या क्षणी करणसिंग सर समोर असते तर मी काय केलं असतं, ते इथं लिहीत नाही, माय वाचेल.

"उद्या सकाळच्या पहिल्या जीपनं नंदुरबारला कॉलेजात ये," मी रुपाला म्हणाले. "आईला घेऊन ये. कागद मी काढून देते."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गर्दी होती. अ‍ॅडमिशनचे दिवस. पोरं, त्यांचे बाप, मावश्या, काका अशी रांग ऑफिसच्या पायऱ्यांपासून गेटपर्यंत. रांगेच्या डोक्यावर, सांगायलाच नको, मी. काळ्या कोटात.

रुपा आणि रेवाबाईला पायरीवर बसवून मी आत गेले. करणसिंग सर खुर्चीत रेलून चहा पीत होते.

"सर, रुपा वसावेचे ओरिजिनल द्या. तिचं नर्सिंगला नाव लागलंय. आज शेवटची तारीख आहे."

"तिनं आपल्याकडे अ‍ॅडमिशन घेतलंय."

"फॉर्मवर सहीसुद्धा नाही तिची. नुसते कागद घेतलेत तुम्ही."

"अगं, तू मार्केटिंगची विद्यार्थिनी ना?" ते हसले. "हातात आलेलं गिऱ्हाईक कुणी सोडतं का?"

"मी हे गिऱ्हाईक फसवू नका म्हणून लिहिलं होतं सर. तुम्ही उलटं वाचलंत."

त्यांचं हसू गेलं. कप खाली ठेवून त्यांनी मोबाईल उचलला आणि थेट आबांना लावला, स्पीकरवर. म्हणाले, "लोटन आबा, तुमची पोरगी ऑफिसात येऊन तमाशा करतेय. समजवा तिला. नोकरी जाईल, मग मला बोल लावू नका."

आबांचा आवाज आला, पाण्याच्या मोटारीच्या आवाजातून. "रंजिता, काय व्हयनं? सर सांगतस तसं कर ना माय. सारं गाव माले इचारी ऱ्हायनं तुन्ही नोकरीनं. आते काय सांगू मी लोकेसले?"

मला आबांचा इतका राग कधी आला नव्हता. पपईच्या व्यापाऱ्यापुढं गप्प, आणि इथंही पुन्हा हाताची घडी! मी म्हणाले, "आबा, फोन ठेवा. मी घरी येऊन सांगते." सरांकडे बघितलं. ते पुन्हा चहा पिऊ लागले होते. त्यांच्या मते विषय संपला होता.

मी बाहेर आले. रुपानं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सकाळी ती आणि तिची आई अंधारात निघून, अर्धा घाट पायी उतरून, मग जीप धरून आल्या होत्या. कशासाठी, तर स्वतःचेच कागद मागायला.

बास झालं, म्हटलं. शिपायाची प्लास्टिकची खुर्ची ओढली, फ्लेक्सखाली मांडली आणि वर चढले.

"अहो काका, मावशी, जरा इकडं बघा!" मी ओरडले. "वर जी पोरगी आहे ती मी. नीट बघा. कोट माझा नाही, तोंड माझं आहे."

रांग वळली. दोन-चार जण हसले. कुणीतरी मोबाईल वर धरला.

"इथं लिहिलंय, नामांकित संस्थेत नोकरी. विचारा ना मला, कोणती संस्था? ज्या ऑफिससमोर तुम्ही उभे आहात, तीच! माझी नोकरी काय? तुम्हाला या रांगेत आणून उभं करायची. मार्केटिंग घ्यायचं तर घ्या. मी घेतलं, मला आवडतं, मी आत्ता तेच करतेय. पण घ्यायच्या आधी विचारा, शिकवतं कोण? मागच्या वर्षीची पोरं कुठं आहेत? त्यांची नावं द्या, फोन नंबर द्या, म्हणावं. कोणतंही कॉलेज असो, तिथं हेच विचारा. आणि ओरिजिनल कागद हातात आहेत ना? ते हातातच ठेवा. झेरॉक्स द्या. ही पायरीवर बसलेली मुलगी बघा. तिला नर्सिंगला सरकारी जागा मिळालीय, आज शेवटचा दिवस आहे, आणि तिचा दाखला आत कपाटात आहे. सर देत नाहीत."

एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं पिशवीत हात घालून आपल्या नातवाचे कागद चाचपले. मागून एक बाई म्हणाली, "आमना तं परवाच लिधा त्यासनी!" मग तीन-चार आवाज एकदम. रांग रांग राहिली नाही. सगळे पायऱ्यांकडे सरकले. मी बोलत राहिले. आबांच्या वाटचं, मायच्या वाटचं, वळणावरच्या सगळ्या बायांच्या वाटचं बोलत राहिले. घसा फाटला तरी थांबले नाही.

सर स्वतः बाहेर आले. हातात रुपाचा लिफाफा. ऑफिसातली मराठी विसरले होते. "हाई ले तुन्हा कागद! आन खाले उतर, नालायक. उद्यापाईन तोंड दखाडू नको."

"तोंड तुम्हीच टांगलंय सर," मी म्हणाले, "उतरवा."

रिक्षानं आम्ही नर्सिंगच्या ऑफिसात वेळेत पोचलो. कागद तपासले गेले, नाव पक्कं झालं. रेवाबाईनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. स्टँडवर जीपची वाट बघताना रुपा म्हणाली, "ताई, तुम्ही सगळी रांग फिरवलीत. इतकं चांगलं मार्केटिंग येतं तुम्हाला. मग तुम्हाला कंपनीनं का नाही घेतलं?"

तिनं अगदी साधेपणानं विचारलं. मला राग आला, पण तो त्या पोरीवर काढायचा नव्हता. मी म्हणाले, "जीप आली बघ, जागा धर."

गावात उतरले तेव्हा ऊन कलतं होतं. बस थांब्यासमोर निंबाला मी होतेच. आणि खाली, पारावर, आबा बसले होते. कुणीतरी मोबाईलवरचा व्हिडिओ त्यांना दाखवून झालेला दिसत होता. मी मनात तयारी केली. आज जे बोलायचं ते बोलायचं, मग घरात ठेवा नाहीतर हाकला.

"नोकरी गई?" आबांनी विचारलं.

"गेली."

"हाई संस्था म्हन्जे ते कॉलेजच व्हतं ना?"

"मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आबा. तुम्ही म्हणालात, नोकरी ती नोकरी, लोकेसले काय करनं शे!"

आबा फ्लेक्सकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आपला गावन्या तीन पोरी तुन्हा फोटो देखीसन तठे गयात. मीच सांगं त्यासना बापले, मन्ही पोर शे तठे, काळजी नका करा. त्यासना कागद बी तठेच शेत का?"

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडचं सगळं भांडण तिथंच थिजलं. घाटात दोरा करणसिंग सरांनी बांधला होता. इथं तो माझ्या बापानं बांधला होता, शिडीवर चढून, अभिमानानं.

"असतील," मी म्हणाले.

आबांनी खिशातून मोबाईल काढला. नंबर लावला, आणि मी कधी न ऐकलेला आवाज काढला. "करणसिंगभाऊ, मी लोटन बोलस. आमना गावन्या तीन पोरीसना ओरिजिनल सकायले काढी ठेवा. मी त्यासना बापसले लई येस." तिकडून सर काहीतरी बोलत होते, लांबलचक. मला वाटलं, झालं, आता आबा हाताची घडी घालतील. "नही," आबा म्हणाले. "ऐकनं नही माले. नही दिधात तं मीच त्या खुर्चीवर चढसू. मन्ही पोर थोडंच बोलनी. मन्हाजोडे साठ वरीसनं बोलनं बाकी शे."

फोन बंद करून ते उठले. शिडी अजून निंबालाच टेकलेली होती. ते वर चढले आणि मी खाली शिडी धरून उभी राहिले. एक दोरी सुटली, दुसरी सुटेना. गाठ त्यांनी स्वतःच मारलेली, पावसावाऱ्यात टिकावी म्हणून पक्की. नखानं खरवडून झालं, दातानं ओढून झालं.

"जाय," वरून म्हणाले, "घरमाईन इळा लई ये."

मी विळा आणायला धावले.